आजीच्या माजघराची भिंत पाडण्याआधी हे वाचा

आदरणीय अध्यक्ष, सचिव आणि स्मारक समितीचे सगळे सभासद,

सप्रेम नमस्कार.

तुमचं, समितीचं, गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. कुणाबद्दल चाललंय ते तुम्हाला पहिल्या चार ओळींतच कळेल, आणि बाकीच्यांनी आपापल्या तालुक्यातलं एखादं स्मारक डोळ्यासमोर आणलं तरी चालेल, फार फरक पडणार नाही. मला कुणाची बदनामी करायची नाही. पण दोन अर्ज दिले, एक पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं, फोनवर "मॅडम, पुढच्या मीटिंगला घेतो विषय" हे तीनदा ऐकलं, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

झालं असं की दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी मावशीला आणि माझ्या मुलीला घेऊन आमच्या आजोळचा, आता स्मारक म्हणून तुमच्या समितीकडे असलेला वाडा बघायला आले होते. मावशी ८१ वर्षांची, तिचा जन्म याच वाड्यातला, १९४४ चा. आजोळ बघायला आले असं लिहिताना पण कसंतरी वाटतं, आजोळी माणूस राहायला जातो, पण आता तिकीट काढूनच आत जायचं म्हटल्यावर बघायलाच. तिकिटाचं काही नाही हो, माणशी वीस रुपये आणि मोबाईलने फोटो काढायचे तर पन्नास वेगळे, दिले. वॉचमन काकांनी मावशीला ओळखलं आणि पैसे परत द्यायला लागले तर तिने घेतले नाहीत. म्हणाली, राहू दे रे, वृंदावनातल्या दिव्याला तेल आण.

देवडीतून आत आलो तर ओसरीच्या सागवानी खांबाला सेलोटेपने कागद चिकटवलेला. समितीचा ठराव. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधली भिंत काढून तिथे दीडशे लोकांचं बहुउद्देशीय सभागृह करणार, कार्यक्रमांना भाड्याने मिळेल, आणि मागच्या परसात पार्किंग व सेल्फी पॉइंट. मावशीने चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मला विचारलं, "मग जातं कुठं ठेवणार गं?"

ती असंच विचारते, मोठी गोष्ट असली की त्यातली सगळ्यात छोटी वस्तू पकडते. मला कळलं तिला काय म्हणायचंय. तुमच्यापैकी किती जणांना माहितीये त्या भिंतीत काय आहे, खरंच विचारतेय.

तुमच्या बोर्डावर लिहिलंय की "सन १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात या वाड्यात भूमिगत कार्यकर्त्यांचे वास्तव्य होते". बरोबर आहे. शाळेत आपण सगळेच शिकलो, क्रांतिसिंह नाना पाटील, सातारचं प्रतिसरकार, तूफान सेना, ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे अडवून पैसे नेले ते. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता, त्यामुळे हा सगळा कृष्णाकाठचा पट्टा त्यात ओढला गेलेला, आणि गावोगावच्या वाड्यांत, वस्त्यांवर, उसाच्या फडांत माणसं लपायची. आमच्याकडे लपायची ती बळदात. माजघरावरचं बळद, धान्य साठवायची अंधारी जागा, खालून बघितलं तर नुसती फळ्यांची तख्तपोशी. पण वास्तव्य म्हणजे माणसं जेवतात ना? रोज रात्री. कधी चार, कधी चौदा. बोर्डावर त्या जेवणाबद्दल एक शब्द नाही.

आजी सांगायची ते असं. घरात नेहमीपेक्षा जास्त दळण चाललंय हे गल्लीला कळायला नको, म्हणून पहाटेच्या नेहमीच्या दळणातच ती रोज दोन पायल्या जास्त ओढायची, ओव्या जरा लांबवायची म्हणजे वेळ जास्त लागला तरी ऐकणाऱ्याला वाटावं बाई आज गाण्यात रमलीय. भाकऱ्या मात्र रात्रीच कराव्या लागायच्या. आणि भाकरी थापल्याचा आवाज रात्रीच्या शांततेत किती लांब जातो ते ज्यांनी चूल बघितलीय त्यांना सांगायला नको. तर ती काठवटीखाली घडी करून गोधडी घालायची आणि हात हलका ठेवून थापायची. स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीत एक कोनाडा आहे, आरपार, हातभर रुंद. एरवी ताटं सरकवायला. त्यातून टोपली पलीकडे द्यायची, पलीकडे थोरली जाऊबाई उभ्या, त्या शिडीवरून वर. दिवा नाही, बोलणं नाही. त्या कोनाड्याच्या वरच्या कडेला काजळीचा डाग आहे, बघितलाय तुम्ही?

तीच भिंत. ठरावातली.

आणि त्याला लागून बाळंतिणीची खोली. १९४४ साली मावशीच्या वेळी आजी तिथे होती, तेव्हा झडतीला पोलीस आले. हाताने लिहिलेली पत्रकं, कुणाकुणाच्या चिठ्ठ्या, सगळं आजीच्या बाजेखाली, शेगडीच्या पलीकडे, लुगड्यांच्या बोचक्यात. सुईणीने दारात उभं राहून सांगितलं की सोयर आहे, दहा दिवस झाले नाहीत, आत पाऊल टाकू नका. नाही टाकलं त्यांनी. मावशी म्हणते मी स्वातंत्र्यसैनिक आहे, तेरा दिवसांची असताना पहारा दिलाय, पेन्शन कुठे आहे माझी. (हे ती प्रत्येक लग्नात सांगते आणि दिवस दर वेळी बदलतात, ते सोडा.)

त्या खोलीत आत्ता काय आहे तर प्लास्टिकच्या लाल खुर्च्या, एकावर एक, आणि मागच्या वर्षीच्या कार्यक्रमाचे गुंडाळलेले फ्लेक्स. दारावर पाटी, "भांडार". मावशीला जरा बसायचं होतं म्हणून वॉचमन काकांनी त्यातलीच एक खुर्ची काढून दिली आणि ती तिच्या जन्माच्या खोलीच्या दारात बाहेरच्या बाजूला बसली. मुलीने फोटो काढला. तो फोटो मी कुठेही टाकलेला नाही, पण टाकावासा फार वाटला.

आता माझा काय संबंध म्हणाल तर तो सांगते. १९९८ मध्ये तिन्ही मामांनी वाडा बक्षीसपत्र करून दिला, आईने आणि मावशीने हक्कसोडवर सह्या केल्या. एक पैसा घेतला नाही. तेव्हा बिल्डर येऊन गेला होता, सागाचे खांब बघून पुण्याचे दोन व्यापारी येऊन गेले होते, नुसत्या लाकडाचे, कोरलेल्या महिरपींचे आणि दाराचे जे सांगत होते तेवढ्यात तिन्ही मामांची तीन घरं झाली असती. आपल्याकडे किती वाडे असेच गेले, दिंडी दरवाजा कुठल्यातरी रिसॉर्टला आणि खांब कुठल्यातरी रेस्टॉरंटला. आमचा गेला नाही कारण आजी तेव्हा होती आणि तिने सांगितलं, गावाला द्या. बक्षीसपत्रात तीनच अटी. घराची मांडणी बदलायची नाही. तुळशीपाशी रोज दिवा लावायचा. आणि कागदपत्रं अभ्यासाला येणाऱ्याला बघू द्यायची. एवढंच. आम्हाला मानाचं पान नको, नारळ नको, बोर्डावर नाव नको.

तर तीन अटींचं काय झालंय ते एकेक सांगते.

मांडणीचं वर आलंच. पण भिंतीबद्दल अजून थोडं, कारण मला फोनवर सांगण्यात आलं की "मॅडम, ती लोडबेअरिंग नाहीये, इंजिनिअरने बघितलंय". असेल बघितलं. पण जुन्या वाड्याचं काम आरसीसीसारखं नसतं ना. वाड्याचा सांगाडा लाकडाचा, खण मोजून खांब आणि तुळया, आणि मध्ये पांढऱ्या मातीच्या भिंती भरलेल्या. वजन खांब घेतात हे खरं, पण खांब त्या भिंतींतच गुरफटलेले असतात, भिंत त्यांना दोन्हीकडून धरून ठेवते. अडीच हात जाडीची भिंत काढली की वरची माडी, त्यावरची कौलं हे सगळं शंभर-दीडशे वर्षांत पहिल्यांदा आधाराशिवाय उभं राहणार, आणि खाली दीडशे माणसं आणि डीजे. तुम्हाला हे मी सांगायला नको पण सांगतेय. एखादा जुन्या बांधकामाचा जाणकार, कॉन्झर्वेशनचं काम केलेला आर्किटेक्ट आणून त्याच्या सहीचा रिपोर्ट लावा ठरावाला, मग बोलू.

त्यात दर्शनी भिंतींना तुम्ही आधीच सिमेंटचं प्लास्टर करून ठेवलंय. दिसायला छान दिसतं, गुळगुळीत, वर क्रीम कलर. पण मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते, त्यावर सिमेंट मारलं की ओल आतच अडकते, आणि मग आतली माती भुसभुशीत होऊन पोपडा सुटतो, तो सिमेंटचाच पापुद्रा घेऊन खाली येतो. उत्तरेच्या बाजूला गुडघाभर उंचीपर्यंत आत्ताच फुगलंय, बोटाने वाजवलं तर पोकळ वाजतं, मुलीने वाजवून दाखवलं. पूर्वी दर दोन-तीन वर्षांनी पांढऱ्या मातीत भुसा आणि शेण कालवून लिंपायचे, आणि चुन्याचं काम असेल तिथे चुना घाण्यात मळून, त्यात गूळ, हिरड्याचं पाणी वगैरे. ते करणारे म्हातारे गवंडी अजून आहेत पंचक्रोशीत, एक तर तुमच्याच वॉर्डात राहतात. आणि खांबांना ऑइलपेंट कुणी मारायला सांगितला? चॉकलेटी. सागाला वर्षाला जवसाच्या तेलाचा हात दिला तर पुरतं, त्या रंगाखाली वाळवी लागलीय की नाही ते आता दिसणार पण नाही.

दिव्याचं एका वाक्यात. वृंदावनात दिवा नाही, हॅलोजन आहे.

कागदांचं मात्र मला जास्त लागलंय, इथे मी थोडी लांबण लावणार आहे, माफ करा. वाड्यात अकरा रुमाल होते. नवीन पोरांसाठी सांगते, रुमाल म्हणजे जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचं फडक्यात बांधलेलं गाठोडं. वसुलीचे हिशेब, वतनाची भांडणं, कुणाच्या लग्नात किती साखर लागली, दुष्काळात कुणाला किती ज्वारी उसनी दिली. आजोबा त्यात वेखंडाचे तुकडे ठेवायचे, कसर लागू नये म्हणून, त्यामुळे ते सोडले की सगळ्या माडीला वेखंडाचा वास. इतिहासकार वि. का. राजवाडे असल्याच गाठोड्यांसाठी गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यांवर, अडगळीत, लोक नाही म्हणायचे तरी परत परत जाऊन. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्याच धडपडीतून. मराठ्यांचा इतिहास म्हणून आपण जे छाती फुगवून सांगतो त्यातलं बरंचसं असल्या मळक्या फडक्यांतून आलंय.

तर अकरातले सात मला दाखवले गेले. चार कुठे आहेत विचारलं तर "साहेबांच्या घरी सुरक्षित आहेत". असतील. पण घरी? कशासाठी? आणि पावती कुठे आहे? आणि जे काचेच्या पेटीत लावलेत त्यांचं तुम्ही लॅमिनेशन केलंय! आधारकार्डाला करतात तसं, गरम प्लास्टिकचं. मी त्या पेटीसमोर उभी राहिले आणि अक्षरशः पोटात कालवलं. जुन्या हातकागदावर गरम प्लास्टिक चिकटवलं की ते परत निघत नाही, कागद आत हळूहळू पिवळा पडून ठिसूळ होतो आणि काढायला गेलं तर शाई प्लास्टिकबरोबर येते. कुणी वाईट हेतूने केलं असं मी म्हणत नाहीये, उलट कुणीतरी मायेनेच केलं असणार, झेरॉक्सच्या दुकानात स्वतःच्या खिशातून पैसे देऊन. पण कुणाला विचारलं असतं तर! पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कागद सांभाळणारी माणसं आहेत, एक फोन, एक दिवसाची चक्कर. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात ऐतिहासिक महत्त्वाचे ७५ वर्षांवरचे हस्तलिखित कागद पण पुराणवस्तूतच धरलेत, म्हणजे तुमच्या पेटीतलं ते काही आमच्या घरचं वहीचं पान राहिलेलं नाही, तुमचं पण नाही.

आणखी एक, पाट्यांबद्दल. हसावं की रडावं. चकलीच्या पितळी सोऱ्याखाली लिहिलंय "औषध कुटण्याचे प्राचीन यंत्र". तांदूळ धुवायच्या रोवळीला "मासे पकडण्याची टोपली". आंघोळीच्या पाण्याच्या घंगाळाला नुसतं "पुरातन भांडे". आणि तुमचा गाइड, गोड मुलगा आहे, तळमळीने बोलतो, पण बळदाकडे बोट दाखवून सांगत होता की इथून थेट किल्ल्यापर्यंत भुयार आहे. अहो प्रत्येक वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार असतं आपल्याकडे! खरी गोष्ट तिथेच आहे, त्याच बळदाची, भुयारापेक्षा शंभरपट भारी, आणि ती सांगणारी बाई त्याच्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली. मावशीने त्याला बोलावून सगळं सांगितलं, अर्धा तास. तो म्हणाला आजी, हे मला कुणी सांगितलंच नाही कधी. त्याच्याकडे वही पण नव्हती, त्याने तिकिटाच्या पाठीमागे लिहून घेतलं.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल, पैसे नाहीत, सभागृहाच्या भाड्यातून देखभाल निघेल. पैशाचा प्रश्न खरा आहे, मी तो उडवून लावत नाही. वॉचमन काकांचा पगार चार महिने झालेला नाही हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, असंच बोलता बोलता सांगितलं. पण घरालाच तोडून घराची देखभाल, हे गणित मला सुटत नाही. लोक येतात ते घर बघायला. हॉल गावात तीन आहेत, एक तर एसी आहे.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे, तुमच्यापैकी बरेच जण शाळेच्या सहलीत जाऊन आला असाल. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला, लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्याला दिलं. काय जमवलं त्यांनी? तलवारी पण आहेत, पण लोक थांबतात कुठे तर अडकित्त्यांपाशी, दिव्यांपाशी, स्वयंपाकघरातल्या भांड्यांपाशी. माझी मुलगी तिथल्या अडकित्त्यांसमोर वीस मिनिटं उभी होती, आणि ही मुलगी इतिहासाच्या पुस्तकाला हात लावत नाही. मालगुंडला केशवसुतांचं घर बघा, साधं कौलारू कोकणी घर, त्याचं घरपण टिकवलंय आणि स्मारकाची नवी बांधकामं बाजूला वेगळी केलीत. गोव्यात चांदोरला ब्रागांझांचा एवढा मोठा प्रासाद, घरातलीच माणसं हिंडून दाखवतात, ही खुर्ची कुणाची, हा आरसा कुठून आला, आणि निघताना देणगीची पेटी, लोक न सांगता टाकतात. सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर असंच घरच्यांनी जपलंय, अंगणातली म्हैस खरी वाटून लोक बिचकतात. यातलं कुणी माजघर पाडून हॉल केला नाही.

आता एक गोष्ट जी आमच्या घरच्यांना आवडणार नाही. स्मारक म्हणजे आमच्या घराचं नुसतं कौतुक असं मला अजिबात नकोय. देवडीच्या डाव्या हाताला एक कोनाडा आहे, त्यात पूर्वी एक जर्मनचा पेला आणि एक ताटली उपडी असायची. ती कुणासाठी, ते गावातल्या प्रत्येकाला माहितीये. परसातल्या आडाला कुणी हात लावायचा आणि कुणी लांब उभं राहून ओंजळ धरायची, ते पण. मावशीनेच मुलीला दाखवलं, इथं तो पेला असायचा, आणि मी लहान असताना एकदा चुकून त्यातून पाणी प्यायले तर आईने मला न्हाऊ घातलं. तीच आजी, जी बळदातल्या सगळ्या जातीच्या पोरांना एकाच टोपलीतून भाकरी द्यायची. दोन्ही खरं आहे. महात्मा फुल्यांनी पुण्यात गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला, आणि आमच्याकडे १९४४ ला सुद्धा तो पेला वेगळा होता. ही पाटी लावा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर आमच्या घरच्यांच्या नावाने लावा, मी सही करते. सध्या त्या कोनाड्यात सीसीटीव्हीचा डबा बसवलाय.

मागण्या लिहितेय, सरळ, कुठेही आडपडदा नाही.

भिंत पाडायचा ठराव लेखी रद्द करा, नुसता "सध्या थांबवलाय" असं फोनवर नको. सभागृह हवंच असेल तर परसाच्या पलीकडे नगरपरिषदेची जागा रिकामी आहे तिथे बांधा, वर्गणी काढा, आम्ही भाचरं पण देऊ, आमच्या ग्रुपवर बोलून झालंय. आडावर पार्किंग नको.

माजघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची खोली रिकामी करून लोकांना उघडा. फार काही सजवू नका, पुतळे-बितळे तर नकोच, त्या फायबरच्या नऊवारीतल्या बायका मी फार ठिकाणी बघितल्यात. जातं त्याच्या जागेवर, काठवट तिच्या जागेवर आणि खाली एक गोधडी. पाटी छोटी.

अकराच्या अकरा रुमाल वाड्यात परत आणा, यादी करा, यादी दारावर लावा. लॅमिनेशन केलेल्या कागदांना आता तुम्ही हात लावू नका, जाणकाराला बोलवा. स्कॅनिंग करा, तालुक्याच्या कॉलेजात मोडी शिकलेली दोन मुलं तरी निघतील.

वॉचमन काकांचा थकलेला पगार द्या. ही मागणी खरं तर पहिली पाहिजे होती.

हिशेब दाखवा, तिकिटाचे किती आले, प्री-वेडिंग शूटचे किती आले. हो, मला माहितीये शूट होतात, इन्स्टावर दिसतात, आमच्या आजीच्या उंबऱ्यावर स्मोक बॉम्ब. होऊ देत, मला त्याचं वाकडं नाही, पोरं खूश दिसतात, पण पावती फाडा आणि तो पैसा कौलांना लावा. माडीवर दोन ठिकाणी आभाळ दिसतंय.

आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे मोबाईल घेऊन बसा. सत्तरीच्या पुढच्या, सगळ्या आळ्यांतल्या, फक्त आमच्या आळीतल्या नाही. कुणाकडे कोण लपलं, भाकरी कुणी नेली, शेतातून निरोप कुणी पोचवला. हे काम या वर्षी झालं पाहिजे, पुढच्या वर्षीच्या बजेटची वाट बघून चालणार नाही, कारण बायका थांबणार नाहीत. आजी २००३ ला गेली आणि आमच्याकडे तिच्या आवाजाची एक कॅसेट आहे, तिच्यात पण अर्ध्या भागात कुणाच्यातरी बारशाची गाणी आहेत.

सभेची तारीख पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची आहे असं कळलं. आम्ही येतोय. भांडायला नाही, मी बक्षीसपत्राची सर्टिफाइड कॉपी आणतेय आणि मावशी तिची कॅसेट, प्लेयर तुमच्याकडे नसेल तर तो पण आणू. विषयपत्रिकेवर आम्हाला दहा मिनिटं द्या. सभा ओसरीवर घ्या म्हणजे झालं, माडीचा जिना तिला चढवत नाही. देवडीचा उंबरा मात्र उंच आहे आणि तिचे गुडघे गेलेत, त्यामुळे दोन माणसं दाराशी उभी ठेवा, आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या खुर्च्या आदल्या दिवशी काढून घ्या, तिला यावेळी आत बसायचंय.

आपली,
तुमच्या गावची एक भाची